एक खडा जास्त

सेक्रेटरी म्हणाला, "इतिहास तूच लिही. तुझ्याइतकी वर्षं इथे कोणी काढलीत? बारा पानं, फोटो धरून. आणि जरा हलकंफुलकं ठेव बाबा, शेवटच्या रविवारी लोक रडायला येणार नाहीत."

हलकंफुलकं! मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. हा माणूस तीन वर्षांपूर्वी क्लबात आला. मोटारसायकलवर मागे बसायचं म्हटलं तरी याचा घसा कोरडा पडतो, आणि हा मला सांगणार कसं लिहायचं ते. पण मी "हो" म्हणालो, कारण त्याच दमात तो दुसरंही बोलून गेला होता.

"रविवारी शेवटची शर्यत. सोमवारी गोदामवाल्यांना जागेचा ताबा द्यायचाय, म्हणजे मास्तरांना खोली सोडावी लागेल. मी वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय, सोमवारी दहाला त्यांची गाडी येईल. तू सांगतोस ना त्यांना?"

मास्तर म्हणजे माझे बाबा. वय अठ्ठ्याहत्तर. ट्रॅकवरच्या टॉवरच्या खालच्या खोलीत बावीस वर्षं एकटे राहतात. आमचं घर तिथून चालत पंचवीस मिनिटांवर. घरात आई आणि मी, दोघंच. बाबांना त्या घराचा उंबरा ओलांडायची बंदी आहे. बंदी आईची. तिने ती बावीस वर्षांत एकदाही सैल केली नाही. मी तोंड उघडलं असतं तर कदाचित झाली असती, पण मी उघडलं नाही. या ट्रॅकचा माझ्यापुरता इतिहास एवढाच आहे. पण बारा पानं भरायची होती.

तर इतिहास. ही मुळात लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी. लढाई संपली, विमानं गेली, काँक्रीटच्या भेगांतून गवत वर आलं. शहरातले मेकॅनिक रविवारी दुरुस्त केलेल्या गाड्या पळवून बघायला इथे यायचे. दोघांनी गाड्या पळवल्या की मी पुढे होतो, मी पुढे होतो, हे सुरू होतंच. बाबा तेव्हा रस्ते खात्यात मोजणीदार होते. त्यांनी एका रविवारी चुना, दोर आणि खुंट्या आणल्या आणि त्या सरळ धावपट्टीला अकरा वळणं आखून दिली. पहिल्या शर्यतीत आठ गाड्या होत्या, कडेला पेंढ्याने भरलेली पोती. आठांपैकी तीन शेवटपर्यंत पोचल्या. उरलेल्या पाच ढकलत आणल्या आणि तरी सगळे खूश होते म्हणे.

वळणांना नावं कोणी दिली नाहीत, ती आपोआप पडली. पहिलं 'बाकडं', कारण तिथे एक मोडकं बाकडं होतं. चौथं-पाचवं मिळून 'सासूबाई', कसेही गेलात तरी चुकलातच. सातवं 'न्हावी', भिंत इतकी जवळ की कान वाचवून जावं लागायचं. नवव्याला नाव नव्हतं. नऊ म्हणजे नऊ. त्याला नाव नंतर पडलं.

पुढे गॅलऱ्या झाल्या, टॉवर झाला, लाउडस्पीकर आले. बाबा टॉवरवर बसून फेऱ्यांचा तक्ता लिहायला लागले. कितव्या फेरीत कोण कितवा, कोणत्या चौकीवर कुठला झेंडा कधी वर गेला, कधी खाली आला, सगळं. चौकीवाल्याने फोन फिरवून सांगायचं आणि बाबांनी लिहायचं. आधी पेन्सिलीने, आणि शर्यत संपली की शाईने स्वच्छ प्रत. अक्षर असं की छापल्यासारखं. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही.

मी अठराव्या वर्षी मार्शल, म्हणजे वळणावर झेंडे दाखवणारा, झालो आणि मला नऊची चौकी मिळाली. नऊवरून टॉवरवरचा फेऱ्यांचा फलक दिसत नाही, मधे झाडी आहे. पिट, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात ती जागा, तर मुळीच दिसत नाही. म्हणून तिथली एक जुनी पद्धत होती. शर्यतीच्या जितक्या फेऱ्या तितके खडे डाव्या खिशात घ्यायचे. सगळ्यात पुढचा स्वार समोरून गेला की एक खडा उजव्या खिशात टाकायचा. उजव्या खिशात जितके खडे तितकी फेरी चालू. इतकं सोपं, की यात कोणी चुकेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता धाकट्याचं सांगतो. हे मी पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मोजे माझे घालायचा, हातमोजे माझे, वर मलाच म्हणायचा, "दादा, मला झेंडा दाखवताना जरा हसत जा ना, तुझं तोंड बघून ब्रेकच लागतो." गाडीवर बसायचा तेव्हा त्याच्या अंगाला जोर लावावा लागायचा नाही. मी स्वतः दोन वर्षं शर्यती करून बघितल्या होत्या, माझ्याकडे ते नव्हतं. त्याच्याकडे होतं आणि मला त्याचा हेवा नव्हता. देवाशपथ नव्हता. मला त्याचा गर्व होता.

आईची अट होती, एकवीस पूर्ण झाल्याशिवाय शर्यत नाही. आई शिवणकाम करते. मान खाली घालून बोलते, पण एकदा बोलली की बोलली. धाकट्याला एकोणीस पूर्ण झाली होती आणि क्लबाच्या अर्जावर पालकाची सही लागायची. तो आठवडाभर बाबांच्या मागे भुणभुण करत होता. शेवटी एका सकाळी, आई दोरे आणायला बाहेर गेली असताना, बाबांनी तिच्याच मशीनवर कागद ठेवून सही केली. मी तिथेच होतो. मी पेन दिलं.

शर्यत वीस फेऱ्यांची होती. पहिल्यापासून लाल टाकीची सात नंबरची गाडी पुढे. ती समोरून गेली की मी खडा टाकायचो. बारा वेळा तसंच झालं. बाराव्या फेरीत मागच्या कोणाचं तरी इंजिन फुटलं आणि नऊच्या ऐन वळणात ऑइल सांडलं. आम्ही दोघा मार्शलनी धावत जाऊन सिमेंट टाकलं, खराट्याने पसरलं आणि मी लाल-पिवळा पट्टेरी झेंडा धरला. रस्ता निसरडा आहे, जपून या, असा त्याचा अर्थ. आमच्या क्लबाचा नियम असा होता की तो झेंडा पुढच्या दोन पूर्ण फेऱ्या दाखवायचा. तेवढ्यात गाड्यांच्या चाकांनी सिमेंट ऑइल पिऊन घेतं. मग झेंडा खाली. झेंडा खाली म्हणजे रस्ता साफ, आणि चालवणारा त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

तेराव्या फेरीत एकतीस नंबर सगळ्यात पुढे आला. मी खडा टाकला. एक. त्याच्यामागे दुसरा, आणि तिसरा धाकटा. झेंडा बघून तिघंही दबकत गेले. सात नंबर आलाच नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तो पिटमध्ये शिरला होता, क्लचची तार आवळायला. अर्ध्या फेरीने तो बाहेर पडला आणि एकटाच सुसाट समोरून गेला. लाल टाकी. बारा फेऱ्या लाल टाकी दिसली की हात खिशात गेला होता, तो आताही गेला. दोन. मी झेंडा खाली घेतला आणि फोन फिरवला. "नऊ. पट्टेरी खाली."

पलीकडे बाबा होते. क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं."

ही चूक झाली. चुका होतात. पण खरं सांगू? मला तो झेंडा खाली घ्यायचाच होता. धाकटा तिसरा होता, पुढच्या दोघांना खेटून होता, आणि माझ्या हातातला झेंडा त्याला अडवत होता. हात खिशात गेला तेव्हा मनातल्या मनात मी म्हणालो, चला, सुटला. थांबून एकदा विचार केला असता, अरे, इतक्यात कशी झाली फेरी, तर कळलं असतं. मी विचार केला नाही. मला तो पहिला यायला हवा होता.

पुढच्या वेळी ते तिघं आले. पुढचे दोघं जुने खेळाडू. झेंडा नसला तरी ऑइल त्यांच्या लक्षात होतं, ते बाहेरून गेले. धाकट्याला आतली बाजू मोकळी दिसली. त्याने माझ्या चौकीकडे बघितलं. माझ्या हातात काही नव्हतं. तो आत घुसला.

लाउडस्पीकरवर कॉमेंट्रीवाला ओरडत होता, "घाई केली! पोराने घाई केली!" मी धावत होतो आणि ते शब्द माझ्या डोक्यावरून जात होते. नवव्या वळणाला त्या दिवशी नाव मिळालं. घाई. आजही ट्रॅकच्या नकाशावर तेच आहे.

चौकशीला तीन माणसं आली. त्यांनी अर्ज मागितला, आणि आईला सहीचं तिथे कळलं. घरी आल्यावर ती बाबांना एवढंच म्हणाली, "तुम्ही सही केलीत. आता या घरात येऊ नका." बाबांनी पेन्सिलींचा डबा आणि दोन जोड कपडे घेतले आणि गेले. मला वाटायचं, माणूस वाद तरी घालतो, हातापाया तरी पडतो. हे कसे गुमान गेले?

चौकशीवाल्यांनी बाबांचा शाईतला तक्ता बघितला. नऊ, पट्टेरी वर बारा, खाली चौदा. सगळं नियमाप्रमाणे. अहवाल आला, स्वाराची घाई. तो कागद वाचला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. हो, आला. माझा भाऊ जाऊन महिना झाला होता आणि मी सुटलो म्हणून मला हायसं वाटलं. बाबांच्या लक्षात आलं नसावं, गडबडीत चौदा लिहिलं गेलं असावं, अशी मी मनाची समजूत घातली. त्या दिवशी उजव्या खिशात एक खडा जास्त निघाला होता. तो मी टाकू शकलो नाही. बावीस वर्षं तो माझ्या पँटच्या खिशात आहे. आई कपडे धुताना तो काढून खिडकीत ठेवते, वाळल्यावर मी परत खिशात घालतो. तिला वाटतं, हे माझं काहीतरी खूळ आहे.

बुधवारी मी आईशी बोललो. नुसतंच, खरं न सांगता. म्हटलं, "आई, सोमवारी बाबांना वृद्धाश्रमात नेणार आहेत. तीन पायऱ्या चढले तरी थांबावं लागतं त्यांना. डॉक्टरांनी हृदयाचं काही धड सांगितलेलं नाही. इथे कोपऱ्यात पडून राहतील गं."

तिने मशीन थांबवली नाही. "सही करताना मला विचारलं होतं का?"

"बावीस वर्षं झाली, आई."

"मग? माझा मुलगा बावीस वर्षांनी परत आला का?" आणि दोरा तोडता तोडता म्हणाली, "तुझ्या निळ्या शर्टाचं बटण तुटलंय, महिना झाला. काढून ठेव, लावून देते."

विषय संपला. मी शर्ट काढून ठेवला नाही, रागाने.

गुरुवारी जुने फोटो शोधायला टॉवरवर गेलो. वरच्या खोलीत वर्षावार तक्त्यांची खोकी आहेत. त्या वर्षाचं खोकं मी कधी उघडलं नव्हतं. का उघडलं कोण जाणे, पुस्तिकेत ते साल टाळता येणार नव्हतं म्हणून असेल. शाईचा तक्ता वरच होता. हाताला जाड लागला. आत चार घड्या घातलेला दुसरा कागद होता, पेन्सिलीचा.

नऊ, पट्टेरी वर, बारा. खाली, तेरा.

तेराखाली दोन रेघा होत्या. दुसरी रेघ ओढताना पेन्सिलीचं टोक मोडून कागद फाटला होता. आणि शाईच्या प्रतीत त्याच जागी चौदा. सुंदर, ठसठशीत चार, शाळेतल्या पुस्तकात असतो तसा.

मी जमिनीवरच बसलो. फोनवरचं ते "बरं" मला ऐकू आलं. बरं म्हणण्याआधी ते थांबले होते. त्यांच्यासमोर सगळ्यांच्या फेऱ्या लिहिलेल्या होत्या, सात नंबर पिटमध्ये गेल्याचंही लिहिलेलं होतं. त्यांना कळलं होतं. तोंडून सवयीने "बरं" गेलं, आणि "अरे, एक फेरी बाकी आहे" म्हणेपर्यंत मी फोन ठेवला होता, आणि परत फिरवेपर्यंत सगळं झालं होतं. मग रात्री बसून त्यांनी माझ्यासाठी चार काढला. आणि आईने हाकललं तेव्हा गुमान गेले, कारण भांडायला लागले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं.

खाली आलो तर बाबा बॅगेचे पट्टे आवळत होते. सोमवार चार दिवसांवर होता आणि यांची बॅग तयार.

"मिळालं का काही लिहिण्यासारखं?"

"मिळालं."

"फोटो जास्त घाल. लोक वाचत नाहीत." मग पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "तिथे गॅलरी आहे म्हणतात. सकाळचं ऊन येतं." आणि मग, बावीस वर्षं मी निघताना विचारतात ते, "ती बरी आहे ना?"

मी नुसती मान हलवली आणि बाहेर पडलो. आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. सोमवारी तो माणूस परक्या खाटेवर जाणार होता, आणि तिथेच मरणार होता, माझ्या एका खड्यासाठी. मी ट्रॅकवरून चालत नऊपर्यंत गेलो आणि परत आलो. धाय मोकलून रडावंसं वाटत होतं, पण तेही मला कोणत्या तोंडाने करता आलं असतं!

शुक्रवारी दुपारी आई कुणाच्या तरी पडद्यांना काठ शिवत होती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. खिशातून खडा काढला आणि मशीनच्या फळीवर ठेवला.

"आई, हा खडा काय आहे ते सांगतो. मधे बोलू नकोस. नाहीतर मला परत जमणार नाही."

सगळं सांगितलं. लाल टाकी, सात नंबर, एक, दोन. झेंडा खाली घ्यायची मला घाई होती, हेही सांगितलं. पेन्सिलीचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं. तिचा पाय मशीनच्या पेडलवर तसाच होता, पण मशीन चालत नव्हती.

मग ती म्हणाली, "झेंडा खाली होता म्हणजे त्याला वाटलं असेल ना, रस्ता साफ आहे?"

"हो."

"म्हणजे त्याने घाई केली नव्हती."

"नाही. तो बरोबर होता. त्याचं काही चुकलं नव्हतं."

"घाई केली नव्हती माझ्या पोराने," ती भिंतीकडे बघून म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली, आणि रडायला लागली. धाकटा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. ती बावीस वर्षं त्याच्यावर चिडलेली होती. बाबांवर होती हे मला ठाऊक होतं. मेलेल्या पोरावरही होती, हे मला तेव्हा कळलं. जरा थांबला असतास तर काय बिघडलं असतं, असं ती रोज मनात त्याला विचारत असणार.

मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, पण झटकलाही नाही. डोळे पुसून विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि गेले. मी जा म्हटलं आणि गेले." तिने पेन्सिलीच्या कागदाची घडी घातली, जशी होती तशीच. "उद्या घेऊन ये त्यांना. जेवायलाच या म्हणावं."

बस. मला एक शब्द बोलली नाही. ना शिवी, ना शाप. मी गाढव, मला वाटलं, झालं, निभावलं. त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा मला दुपारची झोप लागली.

शनिवारी सकाळी बाबांना सांगितलं, "चला, आईने बोलावलंय." त्यांचा चेहरा उजळेल, अशी माझी अपेक्षा. ते खाटेवर बसले आणि माझ्याकडे रोखून बघायला लागले.

"काय सांगितलंस तिला?"

"सगळं. पेन्सिलीचा तक्ता दाखवला."

"कोणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?" बाबा ओरडले. त्यांना ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. "बावीस वर्षं मी इथे काय माश्या मारत बसलो होतो? अरे, एक गेला होता. तिच्याजवळ एक तरी राहावा म्हणून केलं ना मी सगळं! नवरा नसला तरी बाई जगते. मुलगा नसला तर कशी जगेल?"

"बाबा, ती काही बोलली नाही मला. रागावली पण नाही."

"रागावली नाही?" ते एकदम गळाल्यासारखे झाले. "मग तू तिला ओळखत नाहीस."

यायलाच तयार नव्हते. आश्रमाच्या गाडीने जाईन, पण तिथे नाही, म्हणाले. मी पाया पडलो. म्हटलं, मी काय करायचं ते करून बसलोय, आता तुम्हीही गेला नाहीत तर तिच्याजवळ खरंच कोणी उरणार नाही. तेव्हा कुठे उठले. वाटेत चार ठिकाणी थांबले. तिसऱ्या वेळी, श्वास घेता घेता, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. घरापर्यंत तसेच आलो.

आईने दार उघडलं. चांगली साडी नेसली होती. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, चप्पल काढावी की नाही अशा विचारात.

"या," आई म्हणाली. "केवढे वाळलात."

बाबांना रडू आवरेना. तिने त्यांना हाताला धरून आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बॅग घेऊन मागे उभा होतो. टेबलावर ताटं मांडलेली होती. मला मोजायची सवय आहे. दोन होती.

बाबांनीही बघितलं. "अगं, आणि हा?"

आई वाढत राहिली. "त्याचं सामान दाराशी ठेवलंय," म्हणाली. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. "तुम्ही बसा. गार होतंय."

बाबा खुर्चीतून उठायला लागले. मी मानेनेच नको म्हटलं. दाराआड माझी पिशवी होती, भरलेली, नाडी बांधलेली. मी त्यांची बॅग आत सरकवली, माझी पिशवी उचलली आणि दार ओढून घेतलं. जिन्यावर थोडा वेळ थांबलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

टॉवरखालच्या खोलीची किल्ली माझ्याजवळच होती. सोमवारी सकाळपर्यंत ती खोली आमचीच. बाबांच्या खाटेवर बसून पिशवी उघडली. सगळे कपडे धुतलेले, इस्त्री केलेले. शुक्रवारची दुपार आणि संध्याकाळ ती हेच करत बसली असणार, मी पलीकडे झोपलो होतो तेव्हा. सगळ्यात वर निळा शर्ट होता. बटण लावलेलं होतं.

शर्ट उचलला तर छातीचा खिसा जड लागला. आत खडा होता. खिशाचं तोंड तिने शिवून टाकलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुहेरी दोऱ्याने. टाके बारीक आणि जवळजवळ होते. आईचे टाके उसवत नाहीत.